रंगराव अजून पडतोय

फोर्कलिफ्टवरून पडलेला रंगराव चौगुले दोन वर्षं झाली तरी अजून जमिनीवर पोचला नव्हता.

शिरोलीच्या त्या गोदामात शिडी आणायचा सगळ्यांनाच कंटाळा. माणसाला लाकडी पॅलेटवर उभं करायचं आणि फोर्कलिफ्टनं वर चढवायचं, ही तिथली रीतच. एका दुपारी पॅलेट कलंडलं. पॅलेट खाली आलं. रंगराव मात्र वाटेतच राहिला. पाठ खाली, हातपाय वर, असा तो मुंगीच्या पावलानं उतरत होता. बायको आक्काताई रोज स्टुलावर चढून त्याला भाकरी भरवायची. असे पडणारे शेवटच्या हातभर उंचीवरून एकदम आपटतात, हे डॉक्टरांनी कोर्टाला कळवलं होतं.

नुकसानभरपाईच्या दाव्यात कंपनीचे वकील देवस्थळी म्हणाले, "साहेब, इजा कुठाय? माणूस नुसता पडतोय. आधी पोचू द्या."

"पोचल्यावर त्यो उरंल का, ते सांगा की!" आक्काताई मागच्या बाकावरून कडाडली. "तुमचा बा असा लोंबकळत असता, तर तुमी हेच बोलला असता व्हय?"

न्यायाधीशांनी तिला बसवलं.

तिनं नवऱ्याखाली गादी अंथरली होती, त्यालाही कंपनीनं हरकत घेतली. तिचे स्वतःचे वकील मगदूम कानाशी लागले, "मावशी, गादी काढा. लागलं नाही तर दावाच उरत नाही."

"दावा घाला चुलीत. मला नवरा पायजे."

कोर्टाचा हुकूम झाला: अपघात पूर्ण होईपर्यंत खाली कोणतीही वस्तू ठेवू नये. शिपाई येऊन गादी घेऊन गेला.

आक्काताईनं पदर खोचला आणि गादीच्या जागी स्वतःच आडवी झाली.

मॅनेजर धावत आला. "बाई, उठा! कोर्टाचा हुकूम आहे."

"वस्तू ठिवू नगा म्हनलंय. मी काय वस्तू हाय?"

मॅनेजरनं देवस्थळींना फोन लावला. त्यांनी हुकूम पुन्हा वाचला आणि हरकत नाही म्हणाले. फक्त या बाई कामगार नाहीत, त्यांना इजा झाल्यास भरपाई मागता येणार नाही, एवढं लिहून घ्या. तिनं पडल्या पडल्याच अंगठा उठवला.

रंगरावची पाठ आता तिच्यापासून हातभरावर आली होती.

"आक्के, सरक," तो वरून म्हणाला. "लागंल तुला."

"गुमान या खाली," ती म्हणाली आणि हात पसरले.