जाधव सरांचा लव्हाळा

आमचे शेजारी जाधव सर कांद्याची पातसुद्धा दोन बोटांत धरून गोल फिरवून बघतात आणि मगच पिशवीत टाकतात. नागावच्या भाजीवाल्या आता त्यांना हसतही नाहीत. देठ बोटांना गोल लागला तर सरांचा रस संपला. रानातल्या एखाद्या गवताला तीन कडा लागल्या तर तो बहुधा लव्हाळा, आणि मग सर जेवायचं विसरतात.

अलिबागच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस सगळ्यालाच घाबरतो. "घात होईल हो, वहिनी!" हे वाक्य कुंपणावरून दिवसातून पाचदा तरी येतं. लव्हाळ्याचं पान तोडून ते रिकाम्या टी-बॅगेत घालतात आणि ती निळ्या दाण्यांच्या डब्यात ठेवतात. दाणे ओल शोषतात. ते गुलाबी झाले की सरांचा चेहरा पांढरा पडतो. मी डब्याजवळ गेले की, "श्वास रोखा! तुमचा डीएनए मिसळेल!" एकदा मला तिथेच शिंक आली, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हे डबे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जातात. तिथे त्यांची जुनी विद्यार्थिनी आहे. "दिसायला सगळे सारखेच," सर समजावतात, "पण आतली डीएनएची अक्षरं ताडून बघितली की कळतं, कोण कुणाचं सख्खं आणि कोण लांबचं." मी मान डोलावते. माझ्या सासरचं मला डीएनएशिवायच कळलंय.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या मुलीचा फोन आला. बांधापलीकडच्या खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतल्या, एका पानाची अक्षरं कुणाशीच जुळत नव्हती. एक तर ही लव्हाळ्याची नवीनच जात होती, नाहीतर नमुन्यात गडबड होती. मुळासकट, तुऱ्यासकट झाड पाठवा, त्याशिवाय कुणी मानणार नाही, असं तिनं सांगितलं. खरं तर पानासोबत झाडही दाबून वाळवून ठेवायचं, हा सरांनीच वर्गात शिकवलेला नियम. पण तिथे एकच ठोंब होता, म्हणून त्यांचा हात धजावला नव्हता. आणि आता त्या खाजणात मुरूम पडत होता. उद्या-परवा तो कोपराही बुजणार होता.

सकाळी ओहोटी बघून आम्ही दोघं निघालो. चिखल गुडघ्यापर्यंत. ठोंब सापडेपर्यंत बराच वेळ गेला. मागे डंपर मुरूम ओतत होता आणि समोरून पाणी आत यायला लागलं होतं. सरांनी खुरपं मातीला टेकवलं आणि तसेच बसून राहिले. मला आता खरंच भीती वाटायला लागली. बांधावर मासळी वाळत घालणारी एक बाई ओरडली, "मास्तर, भरती लागली हाय! गवतापायी मरशाल, वर या!"

"सर, उपटा ना!"

"मेलं तर?" ते ठोंबाकडेच बघत होते. "हिच्या ऑपरेशनच्या कागदावर मीच सही केली होती, वहिनी. ती बाहेर आलीच नाही."

बायको गेल्यावर सर इथे राहायला आले, एवढंच मला ठाऊक होतं. चार वर्षं मी त्यांच्या घाबरटपणाला हसत होते, त्याची मला तिथे चिखलात लाज वाटली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खुरपं दाबलं. पाणी मांडीला लागलं तेव्हा आम्ही बांधावर पोचलो.

घरी येऊन ठोंबाचे दोन भाग केले. तुऱ्याचा भाग पुण्याला गेला, उरलेला खाजणातल्याच चिखलासकट बादलीत लावला. दुसऱ्या दिवसापासून काड्या पिवळ्या पडायला लागल्या. रोज सकाळी कुंपणावरून हाक यायची, "वहिनी, जरा बघता का? मला बघवत नाही." मी बघायचे आणि ठीक आहे म्हणून खोटंच सांगायचे.

नवव्या दिवशी हाक आली नाही. मी हातातलं काम टाकलं. तशीच धावत गेले. सर बादलीशेजारी जमिनीवर बसले होते, चष्मा हातात, डोळे वाहत होते. पिवळ्या काड्यांच्या बुडाशी एक हिरवं टोक वर आलं होतं. पुण्याहून अजून काहीच कळलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मी उपटलेलं, वहिनी," ते म्हणाले, "जगलं हो."