तात्यांचं बिघडलेलं मशीन

आमच्या मलकापुरात पळायच्या मशीनला सॅल्यूट ठोकणारा माणूस एकच, आमचे शेजारी सुभेदार तात्या. खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट, आणि एक कडक सॅल्यूट. मगच स्वारी मशीनवर चढणार.

हे मशीन अमेरिकेतल्या लेकानं बोटीनं पाठवलेलं. छातीवर पट्टा बांधायचा, ठोक्यांचा आकडा ठरवून द्यायचा. काळीज जास्त धडधडलं की मशीन आपोआप मंद होणार, शांत झालं की पुन्हा वेग धरणार. तात्या पट्टा पाण्यानं ओला करत तेव्हा काकींना वाटे, पूजाच चाललीय. हळद-कुंकू तेवढं राहिलं होतं.

"मशीनला सॅल्यूट कशाला, तात्या?" मी एकदा विचारलं.

"आपल्याला 'हळू चाल' म्हणणारा सीनिअर असतो, गड्या. फौज सोडल्यापास्नं मला कोण म्हणलंय?"

खरंच कोण म्हणणार? तात्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर. धाकटा भाऊ शिवा समोरच्याच घरात राहायचा, पण बांधावरच्या आंब्यावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. आंबा पुढं वादळात पडला, अबोला मात्र उभा राहिला.

मला खोड्या काढायची सवय. तात्या मशीनवर रंगात आले की मी हळूच शिवाचं नाव काढायचो. लगेच मशीनची घरघर मंदावायची. स्वयंपाकघरातून काकी ओरडायच्या, "आवं, कुणाचं नाव घेतलं?"

"राग हाय त्यो!" तात्या गुरकावायचे.

आम्हीही राग म्हणून सोडून दिलं.

मग एका पावसाळ्यात शिवाला हार्ट अटॅक आला. कराडच्या दवाखान्यातून तो घरी परतला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं, पण बेतानं, दमायचं नाही. बाहेर तर चिखल. तात्यांना हे सगळं मीच सांगितलं. त्या दिवशी ते मशीनवर चढलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली. "मशीन बिघडलंय. घरात नुसती अडगळ. समोर निऊन टाका."

मी चालू करून पाहिलं. झकास चालत होतं. "तात्या, ह्याला तर काहीच झालं नाही."

"तुला काय कळतंय? बिघडलंय म्हंजी बिघडलंय!"

चौघांनी मिळून ते समोर नेलं. आता शिवाच्या घरात त्याची बटणं कुणाला कळणार? शेवटी तात्याच उंबऱ्यापर्यंत आले, नाकासमोर बघत. भाऊ चार हातांवर उभा, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"सांग त्याला, पट्टा वला करून बांध म्हणावं."

"सांगा त्यास्नी, केलाय वला," शिवा म्हणाला.

"सांग त्याला, आकडा कमी ठेवलाय. घाई करू नगं."

मी टपाल पोचवत राहिलो. शिवा चालू लागला. दवाखान्यानं पार वाळवला होता त्याला. मशीन एका लयीत चाललं होतं. आकडा नीट दिसेना म्हणून तात्या उंबरा ओलांडून आत आले, अगदी त्याच्या शेजारी. वाकून बघताना त्यांचा हात दांडीवर शिवाच्या हाताला टेकला, आणि तिथंच राहिला.

ठोक्यांचा आकडा भराभर चढला. घरघर मंदावली. मशीन मुंगीच्या चालीवर आलं.

हा राग नव्हता, हे मलासुद्धा कळलं.

"बघ," तात्या घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "म्हणलं न्हवतं, बिघडलंय म्हणून?"

शिवानं माझ्याकडं पाहिलंच नाही. "न्हाई दादा," तो म्हणाला, "लय बराबर चाललंय."

तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"हळू चाल रं, शिवा," ते म्हणाले.

हा निरोप त्यांनी माझ्याकडं दिला नाही.