भिवराबाई कुंभारीण यांनी कंदीलफुलाचा वंश राखिला, त्याची हकीकत

जो उघड्या कातळाच्या फटीत मूठभर मातीवर हिरवा कोंभ उभा करितो, त्या जगन्नियंत्यास दंडवत घालून लिहितो ऐसे जे, शके १६४१ विकारी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, राणीसाहेब देवदर्शन आटोपून घाटमाथ्याच्या पठारावरून परत येत असता एका उतारावर गवतातून वर आलेली नाजूक वेल त्यांच्या दृष्टीस पडली, आणि तिला बोटभर लांबीची फुले, तळाशी फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या, इवले कंदील टांगावे तैसी. राणीसाहेबांनी पालखी थांबविली आणि पायउतार होऊन गवतात बसून बराच वेळ पाहिले आणि बोलिल्या, "इतकी वर्षे या वाटेने जातो, हे कधी दिसले नाही. आपल्या बागेत असते तर बरे होते." इतकेच बोलिल्या. परंतु राजबागेचे दरोगा विसाजीपंत बरोबर होते, मोठे उत्साही गृहस्थ, त्यांनी तोच हुकूम मानिला आणि दुसरे दिवशी वीस बेलदार नेऊन तो उतार खणून काढिला आणि दोनशे कंद टोपल्यांत भरून आणिले. मग गुलाबाच्या वाफ्यात लाविले, शेणखत घातले आणि रोज मोटेचे पाणी सोडिले. तो कंद मुरमाड मातीतला. पाऊस सरला म्हणजे वेल वाळते आणि कंद जमिनीत निजून राहतो, तेव्हा त्यास पाण्याचा थेंब सोसत नाही. हे पंतांस ठाऊक नव्हते. पौषात उकरून पाहिले तो दोनशेही कंद सडून गेले होते. पंतांनी ही गोष्ट कोणास सांगितली नाही आणि पुढील पावसाची वाट पाहिली, की उतारावर राहिलेसाहिले काही उगवेल. पुढील श्रावणात स्वतः पठारावर गेले आणि चार दिवस फिरले, तो एकही वेल दिसली नाही.

तेथे लिंबाजी धनगर मेंढरे चारीत होता. तो म्हणाला, "पंत, इथं आता काही नाही. या उताराची फुलं आता एकाच ठिकाणी, खाली कुंभारवाड्यात, भिवराआक्काच्या परसात."

या भिवराबाई म्हणजे सटवाजी कुंभाराचे कुटुंब, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणे थोडके. आठ वर्षांमागे त्यांनी हे फूल पठारावर पाहिले होते आणि लिंबाजीस म्हणाल्या होत्या, "बाबा, कंद उकरू नका. शेंग वाळली म्हणजे एकाच वेलीची एक शेंग द्या, बाकीच्या तिथंच फुटू द्या." त्याने तैसेच केले. त्या शेंगेत रेशमासारखे केस असलेले बी निघाले, ते बाईंनी भट्टीत तडकलेल्या मडक्यांत मुरूम आणि कातळावरची माती भरून पेरिले. पहिले वर्षी सात रोपे आली आणि चार मेली. बाई खचल्या नाहीत. चौथे वर्षी पहिले फूल आले, परंतु शेंग धरेना. मग बाई त्या फुलापाशी दिवस दिवस बसल्या आणि पाहिले, की बारीक चिलट फुलाच्या नळीत शिरते, आत अडकते, आणि फूल कोमेजले म्हणजे सुटून दुसऱ्या फुलावर जाते. त्या दिवसापासून त्यांनी परसाचा एक कोपरा झाडला नाही, पालापाचोळा तेथेच कुजू दिला. शेजारणी हसल्या की कुंभारणीस चिलटांचे कौतुक. बाईंनी हसू दिले, आणि पुढील वर्षी शेंगा लागल्या. ऐसे करीत एकोणीस वेली जाहल्या. प्रत्येक मडक्यावर हे बी त्याच उतारावरचे ऐसी खूण कोरून ठेविली, आणि एक व्यापारी दुसऱ्या घाटावरचे कंद घेऊन आला तेव्हा, "आमच्यात मिसळायला नकोत, आणि तिथून उकरायलाही नको होते," ऐसे सांगून त्यास परत पाठविले.

तेथे विसाजीपंत दोन शिपाई घेऊन आले आणि बोलिले, "भिवराबाई, ही सगळी मडकी उद्या राजबागेत पोहोचली पाहिजेत."

बाई म्हणाल्या, "पंत, तुम्ही दोनशे नेले होते. त्यांतला एक दाखवा, मग ही न्या."

पंतांचा चेहरा उतरला आणि उतरला म्हणूनच राग आला. बोलिले, "भट्टी सरकारच्या जागेत आहे, हे ध्यानात ठेवा."

सटवाजी चाकावर बसले होते, त्यांचा हात थांबला. बाईंनी त्यांजकडे पाहिले. तीस वर्षांची भट्टी, सगळा संसार तीवर. सटवाजी म्हणाले, "भट्टी दुसरीकडं लावू. ही झाडं दुसरीकडून आणता यायची नाहीत." आणि पुन्हा चाक फिरविले. मग पंत शिपाई घेऊन परत गेले.

ही बातमी राणीसाहेबांच्या कानी गेली आणि तिसरे दिवशी त्या स्वतः कुंभारवाड्यात आल्या, पंत मागे मान खाली घालून. राणीसाहेब बोलिल्या, "बाई, तुम्ही हुकूम मानीत नाही ऐसे ऐकितो."

भिवराबाई मडक्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मानला असता, राणीसाहेब. पण ही तिकडं नेली आणि सडली, तर मग कुठंच उरायची नाहीत. मला एवढंच कळतं."

"सडतील का म्हणून? मागची तर बागेत आहेत."

तेव्हा पंत पुढे आले आणि म्हणाले, "नाहीत. सगळी माझ्या हातून मेली. वर्षभर बोलायचे धैर्य जाहले नाही."

राणीसाहेब एका मडक्यापाशी बसल्या आणि फूल खुडावे म्हणून हात पुढे केला. बाई हळूच म्हणाल्या, "खुडलं तर शेंग नाही." राणीसाहेबांनी हात मागे घेतला आणि बोलिल्या, "चूक पंतांची नव्हे. आम्ही तोंडातून शब्द काढिला, तो विचार न करिता काढिला." आणि हुकूम दिला, की भट्टीस कोणी हात लावू नये, पठारावर कुदळ चालवू नये, आणि पुढे काय करावे ते बाई सांगतील.

बाईंनी त्या साली धरलेल्या शेंगांतून दोन परसासाठी ठेविल्या आणि बाकी सर्व बी त्याच उतारासाठी दिले. पुढील ज्येष्ठात बाई, लिंबाजी आणि विसाजीपंत वर गेले, आणि झुडपांच्या आडोशाने जागा बाईंनी दाखवाव्या आणि पंतांनी बोटाने माती सारून बी ठेवावे, ऐसे दोन दिवस केले. पंतांचे गुडघे सोलवटले, परंतु उठले नाहीत. लिंबाजीने तीन पावसाळे मेंढरे दुसऱ्या अंगाने नेली. शके १६४५, भाद्रपदात, उतारावर अकरा वेली फुलल्या. बाईंनी दोनदा मोजिल्या आणि मग खाली बसून पदर तोंडाशी धरून रडल्या.

येणेप्रमाणे कुंभाराच्या परसातून एक वंश आपल्या घरी परत गेला, आणि त्याचे सर्व श्रेय भिवराबाईंचे. तो उतार कोणत्या राज्यात, कोणत्या वाटेवर, हे लिहिणारास पक्के ठाऊक आहे, स्वतः पाहून आला आहे. ते येथे लिहिले नाही, आणि विचारिल्यास सांगणारही नाही.