उवांचा माग काढणारे डोमाभाऊ

आमच्या शेजारचे डोमाभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी अंगणात उकिडवे बसतात आणि जमिनीकडे पाहतात. "तुमचा भाऊ आला होता न सकायी, बाई? उजवा पाय ओढते आताशा." माझा भाऊ पाय ओढतो हे मला, सख्ख्या बहिणीला, माहीत नव्हतं.

जन्मभर फॉरेस्ट गार्ड होते. जंगलात वाघांचे माग पाहिले, आता चंद्रपुरात आमच्या गल्लीतल्या चपलांचे पाहतात. बायको गेली, मुलगी मंदा लग्न होऊन वरोऱ्याला. रिकामा माणूस. दूधवाला कोणाकडे आला नाही, कोणाचा नवरा मागच्या दारानं आला, सगळं सगळ्यांना ऐकवायचे. मी अंगण झाडायला घेतलं की म्हणायचे, "पुरावा काऊन मिटवून राह्यल्या, बाई?" मी भारी वैतागायचे.

एका गुरुवारी ते अंगणातून उठेचनात. "बाई, तुमची सानू तीन दिवस झाले शाळेत गेली नाई."

"रोज डबा घेऊन जाते न, भाऊ," मी शिलाई मशीन न थांबवता म्हटलं.

"फाटकापर्यंत जाते. तिथून माग भिंतीच्या कडेनं मागं वळते. न्हाणीमागं बसते पोट्टी."

जाऊन पाहिलं, तर खरंच. चौथीतली माझी सानू दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या कॉलरवर ऊ दिसली, बाकावरच्या पोरी उठून गेल्या आणि मॅडमनी तिला वेगळं बसवलं. दुसरी पोरगी असती तर रडून मोकळी झाली असती. आमची अशी, की कुणी आवाज चढवला तरी दोन दिवस जेवत नाही. "मी घाण हावो," एवढंच म्हणाली.

मला तिची कीव यायला हवी होती. आला तो राग. तीन दिवस पोर न्हाणीमागे बसते आणि आईला पत्ता नाही, हा सगळा राग मी तिच्या केसांवर काढायला निघाले. मशीनवरची कैची उचलली. "बस इथी. टक्कलच करते तुयं."

सानूनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कधी उंबरठा न ओलांडणारे डोमाभाऊ तरातरा आत आले आणि कैची माझ्या हातातून काढून घेतली. "मले आठ दिवस द्या, बाई," म्हणाले.

मग रोज सायंकाळी स्वयंपाकघरात मी तेल चोपडायचे आणि ते चष्मा नाकावर ओढून बारीक फणी चालवायचे.

"जिथी जंगल दाट, तिथीच जनावर," ते सानूला सांगायचे. "माह्या टकलावर येते का एखादी?" लीख सापडली की आवाज खाली जायचा. "हालू नको. पिल्लू हाये. माय जवळच असन."

सानू श्वास रोखून बसायची. एकदा तिनं हळूच विचारलं, "आबाजी, वाघालेही येगळं बसवतेत का?"

"बसवतेत न. गेट लावतेत. मंग लोक जिप्सीत बसून पाहाले येतेत."

त्या दिवशी ती हसली, आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

नवव्या दिवशी फणी कोरी निघाली. सानू दोन वेण्या घालून शाळेत गेली. डोमाभाऊ तिच्या मागोमाग वळणापर्यंत जाऊन आले. मी चहा दिला. म्हटलं, "भाऊ, तुमचा हात किती हलका. मंदाचे केसही तुम्हीच विंचरत असान."

त्यांनी चहा बशीत ओतला. "तिची माय गेली, तवा सानूएवढीच होती. उवा झाल्या. मले जंगलात बीटवर जाचं होतं. वस्तरा फिरवला. हात जोडून राह्यली होती, बाई. म्या आयकलं नाई. तशीच होस्टेलात सोडून आलो."

"लहानपणची गोष्ट. विसरली असन ते."

"लग्नात पाया पडाले वाकली. म्या आशीर्वादाले हात नेला, तं तिनं झटक्यानं डोकं मागं घेतलं. तिलेबी समजलं नसन काऊन घेतलं ते. सारा मांडव पाहून राह्यला होता." त्यांनी बशी खाली ठेवली. "तिच्या डोक्याले अजून हात नाई लावला म्या."