घुमाऱ्याची डबी

"घुमाराच हवाय ना? तो मी बनवून देतो," असं यशोधन मोठ्या तोऱ्यात म्हणाला, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून घडलं.

खरं तर त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याचे वडील, नाना, सोफ्यावर बसून मांडीवरच्या ताटातलं पिठलं-भात जेवत होते आणि जेवता जेवता देवळाबद्दल कुरकुरत होते. ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत रामाचं जुनं देऊळ आहे. गेल्या वर्षी सभामंडपाला नवं छत आलं, खाली जाड गालिचे आले, भिंतींना गुळगुळीत पट्ट्या आल्या. मंडप अगदी लग्नाच्या हॉलसारखा देखणा झाला आणि कीर्तनाचा जीव गेला. पूर्वी बुवांनी नमनाचा पहिला सूर लावला की तो वर तुळयांपर्यंत जायचा, देवाला एक प्रदक्षिणा घालून परत यायचा आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा करायचा. आता तो बुवांच्या तोंडातून निघाला की दोन पावलं चालून गालिच्यावर आडवा होतो.

नाना उत्सवाचे चिटणीस. आवाजाचा हा घुमारा गेल्यापासून त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं.

"तू घुमारा बनवणार?" नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे छतावर माणूस बसवणार, 'ओ' द्यायला?"

"डबी बनवणार. माईकची वायर एका बाजूने आत जाणार, दुसऱ्या बाजूने बाहेर. बुवांचा आवाज डबीत क्षणभर थांबणार आणि परत येणार."

"जसा तू ऑफिसातून येतोस तसा," कालिंदी म्हणाली. "येतो एकदाचा, पण दमलेला."

कालिंदी म्हणजे यशोधनची बायको. तिला असं बोलायचा अधिकार होता, कारण तीही ताट मांडीवर घेऊन बसली होती. घरात डायनिंग टेबल होतं, सागवानी, सहा माणसांचं. पण त्यावर जेवण सोडून बाकी सगळं मांडलेलं असायचं. यशोधन परळच्या एका विमा कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. गिटारवाले पायाशी एक छोटी डबी ठेवतात. तिला पेडल म्हणतात. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज फाटतो, लांबतो, डुलतो, घुमतो. बाकीचे गिटारवाले ही डबी दुकानातून विकत आणतात. यशोधन लॅमिंग्टन रोडवरून तिचे सुटे भाग आणायचा आणि घरी जोडत बसायचा. सोल्डरचा धूर, तारांचे तुकडे, उघडे स्क्रू. एकदा कालिंदीला चिवड्याच्या वाटीत कपॅसिटर सापडला होता. तिने तो कढीपत्त्याच्या पानासारखा शांतपणे ताटाच्या कडेला काढून ठेवला होता.

नाना भोईवाड्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. "मला एक सांग. अशा डब्या बाजारात तयार मिळतात की नाही? हो किंवा नाही, एवढंच."

"हो, पण—"

"पण नको. मिळतात. मग घरी का करायच्या?"

यशोधनने चमचा खाली ठेवला. हा प्रश्न त्याला आजवर सगळ्यांनी विचारला होता आणि प्रत्येक वेळी तो अडखळला होता. "असं बघा नाना, पहिल्यांदा चालू केली की ती कधीच चालत नाही. मग शोधायचं. कुठे टाका सुटलाय, कुठली तार उलटी लागलीय. कधी आपल्याच चुकीने असा काही आवाज येतो की तो कुठल्या दुकानात मिळणार नाही. आणि मग सगळी आशा सोडलेली असताना ती एकदम बोलायला लागते. त्या वेळी जे वाटतं ना..."

"काय वाटतं?"

"ते हाताला चटका बसल्याशिवाय नाही कळायचं."

"चटके आम्हालाही बसतात पोळ्या करताना," कालिंदी म्हणाली. "त्याला कोणी छंद म्हणत नाही."

नानांनी निकाल दिला. रामनवमीच्या कीर्तनात डबी चालली, तर टेबल कायमचं यशोधनचं. नाही चालली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पानं मांडली जातील आणि सोल्डरची हत्यारं माळ्यावर जातील. अपील नाही.

झालं. यशोधन ऑफिसातून आला की थेट टेबलावर. डबी पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिच्यातून बेडूक ओरडला. तो दोष काढला, तर कुठल्याशा रेडिओवरचे बाजारभाव ऐकू यायला लागले. यशोधनच्या चेहऱ्यावर मात्र देव भेटल्याचं समाधान. शेवटी एके संध्याकाळी त्याने गिटारची एक तार छेडली आणि ती तार थोडं फिरून परत आली. पुन्हा आली. मग जरा लांबून आली. त्याने कालिंदीला हाक मारली.

"बोल यात काहीतरी."

"काय बोलू? दूध उतू जाईल," कालिंदी माईकमध्ये म्हणाली, आणि दूध तीनदा उतू गेलं. तिला हसू आलं. मग तिने शाळेत असतानाचं एक गाणं म्हटलं, मग दुसरं, आणि तेवढ्यात दूध खरोखरच उतू गेलं.

डबीला यशोधनने केशरी रंग दिला आणि वर ब्रशने स्वतःच्या अक्षरात 'घुमारा' लिहिलं. एकच उणीव राहिली. बटणासाठी पाडलेलं भोक जरा मोठं पडलं होतं, त्यामुळे बटणाभोवती चारी बाजूंनी फट दिसत होती. दिसू दे, कोण बघतंय?

राधाआत्याने बघितलं. राधाआत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायची. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा झाल्याशिवाय ती वापरायची नाही, असा आत्याचा नियम. स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांनी तिच्या हातचं कुंकू लावून घेतलं होतं. रामनवमीला यशोधन आंघोळ करून आला, तर डबी पाटावर बसली होती. गंध, फूल, हळद-कुंकू, आणि वर मूठभर ओल्या अक्षता.

"अगं आत्या, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती."

"म्हणून पळीभर पाणी घातलं नाही. मला कळतं," आत्या म्हणाली. "देवाच्या कामाला चाललीय, तशीच कशी पाठवायची?"

यशोधनने हळुवार हाताने डबी पुसली. फूल काढलं, अक्षता वेचल्या. बहुतेक सगळ्या वेचल्या.

"आणि ऐक," आत्या म्हणाली. "आता पाय लावायचा नाही तिला."

"आत्या, ती पायानेच दाबायची असते. बटण घट्ट आहे."

"पूजा झालेल्या वस्तूला पाय? रामासमोर? आणि बुवा उभे असताना?"

यशोधनलाही ते पटलं. तो हाताने दाबेल.

संध्याकाळी मंडप भरला. शामरावबुवा उभे राहिले: डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. बुवांचा आवाज म्हणजे तुपात भिजवलेली शेवई. यशोधन त्यांच्या पायाशी, पेटीवाल्याच्या बाजूला डबी पुढे घेऊन बसला होता. ठरलं होतं ते असं: पूर्वरंग साधाच होईल, उत्तररंगात, आख्यानाच्या वेळी, बुवा डोळ्याने खूण करतील तेव्हा घुमारा.

पण पूर्वरंग संपत आला आणि यशोधनला राहवेना. एकदा तरी बघू या, म्हणून त्याने बटणावर बोट ठेवलं. बटण हलेना. अंगठा लावला, हलेना. पायाने दाबायचं बटण ते, त्याला माणसाचं वजन हवं. शेवटी त्याने दोन्ही हात एकावर एक ठेवले, गुडघ्यांवर आला आणि कमरेतून वाकून सगळा भार टाकला.

मागे बसलेल्या बायकांनी काय पाहिलं? बुवांनी नामाचा महिमा सांगितला आणि चिटणीसांच्या मुलाने भर सभेत बुवांच्या पायाशी लोटांगण घातलं. "एवढा शिकलेला मुलगा, पण भाव बघा," एक जण कुजबुजली.

टक् झालं. बुवांचा "राम" मंडपभर फिरून परत आला. पुन्हा आला. नानांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या पापणीच्या कडेला काहीतरी चमकलं.

आता बंद करायला हवं होतं. यशोधनने बटण पुन्हा दाबलं. ते खाली गेलेलं वर येईना. वाकून दाबलं, उठला. पुन्हा वाकला, पुन्हा उठला. दर वेळी "राम" येतच होता. यशोधनच्या पाचव्या-सहाव्या नमस्काराला पुढच्या रांगेतल्या आजीबाईंना शरम वाटली. आपण काय नुसत्या बसून राहिलोय? त्याही वाकल्या. मग त्यांची सून वाकली. मग रांगच्या रांग वाकली. बुवा गोंधळले. आजवर त्यांच्या कीर्तनात माणसं रडली होती, डुलली होती, क्वचित पेंगलीही होती. पण असे भराभर, उठाबशा काढल्यासारखे नमस्कार कोणी घातले नव्हते. त्यांनी घाईघाईने पूर्वरंग आवरता घेतला.

मध्यंतरात बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा आणि चिटणीसांनी दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत. नाना माईकपुढे आले. "दाराशी लावलेली गाडी ज्यांची असेल त्यांनी ती काढावी."

"काढावी... काढावी... काढावी," माईकने बजावलं. तीन सभ्य गृहस्थ उठून बाहेर गेले. त्यांपैकी दोघांकडे गाडीच नव्हती.

नानांनी माईकवर हात ठेवला, म्हणजे ठेवला असं त्यांना वाटलं, आणि दात-ओठ खाऊन म्हणाले, "यशोधन, बंद कर."

"बंद कर... बंद कर... बंद कर."

खांबाजवळच्या बटणांपाशी पुष्कर नावाचा उत्साही कार्यकर्ता उभा होता. चिटणीसांची आज्ञा झाली. त्याने पंखे बंद केले.

"अरे पंखे नाही."

"पंखे नाही... पंखे नाही..."

पंखे नाहीत तर उरले काय? पुष्करने दिवे बंद केले.

मंडपात काळोख. फक्त गाभाऱ्यात समई आणि तिच्या उजेडात रामाचा शांत चेहरा. कुजबुज सुरू झाली. यशोधनला काळोखात टेबल दिसत होतं. त्यावर केळीची पानं मांडलेली होती आणि कालिंदी त्याच्याकडे बघत भात वाढत होती.

आणि मग बुवा बोलले. कीर्तनकाराला देव प्रसंगावधान वेगळ्या मापाने देतो, एवढंच खरं. हळू आवाजात त्यांनी आख्यान उचललं. एक म्हातारा कुंभार लांबून चालत देवाला भेटायला आला, पोचेपर्यंत रात्र झाली, देवळाचं दार बंद झालं. काळोखात दारावर हात ठेवून त्याने विचारलं...

बुवा थांबले. माईककडे तोंड केलं. "देवा, आहेस ना?"

"आहेस ना... आहेस ना... आहेस ना..."

गालिचा विसरला की आपण गालिचा आहोत. आवाज तुळयांपर्यंत गेला, प्रदक्षिणा घालून आला. कोणी हललं नाही. बुवांनी अगदी शेवटचा आवाजही मावळू दिला. आणि मग गाभाऱ्याकडे वळून, पोराला समजावावं तसं, एकच शब्द बोलले, "आहे."

"आहे... आहे... आहे..."

राधाआत्या पदराने डोळे पुसत होती. यशोधनला डबीही आठवेना, टेबलही आठवेना. त्याचे हात आपोआप जोडले गेले आणि या वेळी तो खरोखरच वाकला, कपाळ टेकवलं. ते नेमकं बटणावर आपटलं.

टक्.

मंडप शांत झाला. अशी शांतता त्या देवळाने नव्या छताखाली पहिल्यांदाच ऐकली.

कीर्तन संपल्यावर बुवांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "स्वतः केलीत?"

"हो बुवा. म्हणजे, बाजारात मिळतात तशा."

"चिपळ्याही मिळतात," बुवा म्हणाले. "या माझ्या मी स्वतः कोरल्यात. पहिल्या चार जोड्या बद्द वाजायच्या. बायको म्हणायची, लाटणं तरी कर, उपयोगाला येईल." त्यांनी यशोधनच्या कपाळावर बुक्का लावायला बोट पुढे केलं, आणि तिथे आधीच उठलेला लालभडक गोल टिळा पाहून परत घेतलं.

नाना बाजूलाच उभे होते. घरी आल्यावर त्यांनी डबी मागून घेतली, चष्मा पुसला आणि स्क्रू काढून ती उघडली. बटणाच्या फटीत कुंकवाने माखलेली अर्धी अक्षता अडकली होती.

"पुरावा," नाना म्हणाले. मग बराच वेळ आत बघत राहिले. "ही तार कुठे जाते? आणि ही?"

यशोधनने सांगितलं. नानांनी पुन्हा विचारलं.

टेबल वाचलं, मंडळी. निकालाप्रमाणे त्यावर कोणी पानं मांडली नाहीत. पण शामरावबुवांनी तशीच एक डबी स्वतःसाठी मागितली आणि ती करण्याचं नानांनी मनावर घेतलं. मुंबईतल्या आणखी दोन देवळांनी विचारणा केली. आता सकाळी चहा झाला की नाना टेबलावर बसतात ते राधाआत्या जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाहीत, आणि आत्याही आताशा हाक मारत नाही, कारण तार धरायला ती समोर बसलेली असते.

परवा यशोधनच्या मनात आपल्या गिटारसाठी एक नवी डबी करायचं आलं. तो टेबलाच्या कडेला घुटमळत उभा राहिला.

"नाना, जरा जागा होईल का?"

"पुढची तारीख घे," नाना मान वर न करता म्हणाले.

"अहो, पण एवढं कशाला डोळे फोडताय? दुकानात तयार मिळते. मी आणून देतो ना बुवांना."

नानांनी सोल्डर बाजूला ठेवलं. उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं, कारण ते नुकतंच भाजलं होतं, आणि चष्म्यावरून मुलाकडे अपार दयेने पाहिलं.

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "जा, जेवून घे. कालिंदीने ताट खाली मांडलंय."