खाटेवरचा जिल्हा

आमच्या गल्लीत जिल्हाधिकारी कार्यालय होतं, पण ते एका लोखंडी खाटेवर होतं. रंग गुलाबी. उंची तांब्याएवढी. शेजारी पिवळी जिल्हा परिषद, आणि मागं पोलीस अधीक्षकांचं कार्यालय, तेही खालून हिरवं आणि वरून पांढरं, कारण हिरव्या इटा पहिल्या मजल्यावरच संपल्या. पायथ्याला एसटी स्टँड, उशाला न्यायालय. मग तुम्ही झोपता कुठं, असं कोणी विचारलं की बनसोडे साहेब म्हणायचे, "जिल्ह्याच्या हद्दीबाहेर." म्हणजे खाली, चटईवर.

इटा खऱ्या नव्हेत. लहान पोरांच्या खेळण्यातल्या, प्लॅस्टिकच्या, नखाएवढ्या. एकीच्या डोक्यावर दुसरी दाबली की टक करून बसते. साहेबांच्या पुण्यातल्या नातीनं खेळ सोडून मोबाईल धरला तेव्हा त्या भंगारात निघाल्या होत्या. साहेबांनी दोन पोती भरून एसटीनं उदगीरला आणल्या. पोती टपावर टाका म्हणणाऱ्या कंडक्टरला त्यांनी सांगितलं, "सरकारी इमारती हायेत, टपावर जात न्हाईत." कचेरी गुलाबी झाली ती नातीमुळं. पोरींच्या खेळण्यात गुलाबीच जास्त.

साहेब भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, आणि नोकरी संपली तरी मोजणी त्यांच्या तोंडातून गेली नाही. कुठल्याही गोष्टीची ते आधी चतुःसीमा विचारायचे. पोटात दुखतं म्हणून एकदा मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतं? साहेब म्हणाले, "उत्तरेस बरगडी, दक्षिणेस बेंबी, पश्चिमेस जुनं ऑपरेशन. मधल्या क्षेत्रात दुखून राहिलं." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, लिहून घ्या, बरोबरच असंल.

आणि काम पक्कं झालं की म्हणायचे, "हद्द कायम." भाजीत मीठ बरोबर पडलं, हद्द कायम. पोरीचं लग्न ठरलं, हद्द कायम. गल्लीत कोणी वारलं तरी तिरडीची शेवटची गाठ पाहून ते हलक्या आवाजात तेच म्हणायचे.

लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आम्हाला उदगीरला त्या पाण्याची फक्त बातमी आली. दुसरी बातमी होती, उदगीर जिल्हा होणार. दोन्ही बातम्या पेपरात शेजारी शेजारी यायच्या आणि दोन्हींवर आमचं कोरडं तोंड चालायचं. नळ कधीचेच बंद. टँकर येईल तेव्हा येई, आणि आला की गल्लीतली शहाणीसुरती माणसं घागरीवरून एकमेकांच्या आयाबहिणी काढत.

अशात साहेबांनी खाट रिकामी केली आणि नव्या जिल्ह्याचं गाव बांधायला घेतलं. टिकलीएवढी इट बसवायला काटा काढायचा चिमटा, आणि डोळ्याला नकाशे वाचायचं भिंग. पहिल्यांदा आम्ही हसलो. म्हातारपणी माणूस पोरकट होतो, असं मीच दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं. मग एकेक जण नुसतं बघायला म्हणून जाऊ लागला, आणि गंमत अशी झाली की बघता बघता माणसं त्या खाटेवर भांडू लागली.

"साहेब, ते शिक्षणाधिकारी माझ्या घराजवळ नको," रिटायर झालेले जाधव मास्तर म्हणाले. "जल्मभर त्यांना भ्यालो. आता तरी दूर न्या."

"हरकत घ्या," साहेब म्हणाले. "तोंडी चालंल."

"घेतली."

"लगतदार कोण?"

मास्तरांनी लगतचे दोन शेजारी सांगितले. साहेबांनी ते पंच म्हणून खाटेजवळ बोलावले, दोघांच्या समोर शिक्षणाधिकारी चिमट्यानं उचलले आणि रेल्वे लायनीच्या पलीकडं नेऊन ठेवले. मास्तरांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले.

मग रीघच लागली. जळकोटहून एक जण खास एसटीनं आला, त्याला जळकोटचा रस्ता रुंद करून हवा होता. कोणी विचारी, कलेक्टर गुलाबी कचेरीत बसंल का? साहेब सांगत, "रंग तात्पुरता हाय." कोणी विचारी, पाण्याची टाकी कुठाय? साहेब म्हणत, "निळ्या इटा आल्या न्हाईत. वर मागणी केली हाय." मीही हरकत घेतली होती. माझं किराणा दुकान गल्लीच्या तोंडाशी. स्टँडवरून कचेरीकडं जाणारा रस्ता दुकानावरून काढा, एवढीच माझी मागणी. खाटेवर मात्र माझ्या दुकानापाशी रस्ता बंद होता. रोज संध्याकाळी जाऊन मी बघायचो. बंदच.

"बघू अप्पा," साहेब म्हणायचे. "तुमची हरकत ध्यानात हाय."

या सगळ्यात काकूंचे हाल होते. काकू म्हणजे साहेबांच्या मंडळी. गुडघे गेलेले. मुलगा पुण्याहून रोज फोन करी, दोघं इकडं या, घराला कुलूप लावा. काकू तयार होत्या. "तिथं तोटी फिरवली की पाणी येतंय म्हणे," त्या सांगायच्या, जसं कोणी जत्रेतला पाळणा सांगतो. साहेब म्हणायचे, जिल्हा होऊ दे, मग जाऊ. काकू दारातून ऐकवायच्या, "हे जिल्हा करून राहिले अन मी घागरी भरून राहिले. जिल्हा होईस्तवर मी ऱ्हाते का बगा."

साहेब चिमटा घेऊन खाटेवर वाकत.

आता जे इतकी वर्षं बोललो नाही ते लिहितो. काकू घागरी भरायच्या त्या माझ्या फाटकातल्या नळावर. साहेबांच्या अंगणात जुना आड होता, उन्हाळ्यातही त्याला गुडघाभर पाणी असायचं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी भिंतीला लागून खोल बोअर पाडला. मला पाणी लागलं आणि त्यांचा आड गेला. गल्लीला कळलं. जमिनीतलं ज्यांना सगळ्यात जास्त कळायचं त्यांना तर कळलंच असणार. ते एक अक्षर बोलले नाहीत. भांडले असते तर मी वकील तरी गाठला असता. मी सकाळी थोडा वेळ नळ सोडायचो, गल्ली म्हणायची अप्पा देवमाणूस, आणि काकू माझ्याच फाटकात रांगेत उभ्या राहायच्या.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. आमची गल्ली लिंगायतांची आणि मराठ्यांची. साहेब बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, पोराला शिकवलं, पोरानं आमच्या गल्लीत घर बांधलं. भांडण कधी झालं नाही. लग्नपत्रिका जायची, रामराम व्हायचा. पण त्यांच्या घरी कोणी पाणी पीत नसे. नको असं तोंडानं कोणी म्हटलं नाही, तेवढे आम्ही सुधारलेले. "आत्ताच घेऊन आलो," म्हणायचं. पहिल्या दिवसापासून मी आत्ताच घेऊन येत होतो. काकू दारात तांब्या-पेला घेऊन यायच्या, मी हात जोडायचो, त्या तांब्या परत न्यायच्या. आणि त्यांच्या त्या खोलीत, बुद्धाच्या फोटोखाली, या खाटेच्या आधी मी कधी बसलोच नव्हतो. कोणीच बसलं नव्हतं. मोजणीदाराकडं तसंही कोण जातं? शेताच्या एका धुऱ्याला दोन शेजारी, हद्द कायम झाली की एक तरी वैरी होतोच.

त्या खाटेभोवती चाळीसेक संध्याकाळी तरी गेल्या असतील, रोज आठ-दहा माणसं, रोज काकूंचा तांब्या भरलेला आणि रोज आम्ही सगळे आत्ताच घेऊन आलेले.

अपवाद झाला तो नागनाथचा. नागनाथ म्हणजे स्टँडमागं हॉटेल चालवणारा, आवाजानं दणकट, अकलेनं बेताचा. त्याचा गावाबाहेर एक उकिरड्यासारखा प्लॉट होता. एका संध्याकाळी कचेरी त्या प्लॉटासमोर का नको यावर तो जाधव मास्तरांशी असा तापला की ओरडून ओरडून त्याला ठसका लागला. बोलता बोलता त्यानं हात लांब केला, काकूंच्या हातचा पेला घेतला, घटाघटा प्यायला, आणखी एक मागून घेतला, आणि तोंड पुसून पुन्हा मास्तरांवर धावला. आपण काय केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांनी मात्र पाहिलं. काकू रिकामा पेला धरून तशाच उभ्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर गुलाबी कचेरी नागनाथच्या प्लॉटासमोर.

"फेरमोजणी झाली," साहेब म्हणाले. मास्तरांनी हरकत घेतली. साहेबांनी ती फेटाळली, पंचही बोलावले नाहीत. "हद्द कायम."

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. नागनाथनं ते खरं धरलं. साहेब पंचेचाळीस गावं मोजलेला माणूस, त्याला आतून काही कळल्याशिवाय तो कचेरी हलवणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. त्यानं त्या उकिरड्यात पत्र्याचं शेड उभं केलं, चूल मांडली आणि बोर्ड लावला: कलेक्टर हॉटेल. समोर नुसतं करपलेलं रान. गिऱ्हाईक म्हणजे शेळ्या राखणारा एक म्हातारा, तोही सावलीसाठी.

जिल्ह्याची घोषणा होणार म्हणत होते त्या दिवशी आम्ही सगळे माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर बसलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली. इतर बऱ्याच घोषणा झाल्या. आमच्या गावाचं नाव आलं ते टँकरच्या यादीत.

नागनाथ तिथून उठून थेट साहेबांच्या दारात गेला. मी मागं होतोच.

"हद्द कायम म्हणले न्हवं तुमी? कुठाय कचेरी? मी काय शेळ्यांना भजे घालू?"

"नागनाथ, बस. पाणी घे," साहेब म्हणाले.

"तुमचं पाणी ठिवा तुमच्यापाशी," तो म्हणाला.

रागातच म्हणाला असेल, दुसरा काही अर्थ त्याच्या डोक्यात नसेल. पण ते वाक्य त्या दारात म्हटलं गेलं, आणि मी फाटकाशी उभा राहून ऐकलं, आणि मध्ये पडलो नाही.

त्यानंतर खाटेकडं कोणी फिरकलं नाही. जिल्हाच नाही तर हरकत कशाला? जाधव मास्तर समोरून गेले तरी मान खाली घालून जाऊ लागले, कारण पेढे त्यांनी वाटले होते. संध्याकाळी साहेब दार उघडं टाकून, दिवा लावून बसायचे. मला दुकानातून दिसायचं. काही दिवस बसले. मग एका सकाळी काकू नळावर म्हणाल्या, "चाललो आमी पुण्याला. हाव, जाऊ म्हणले हे शेवटी." घागर त्यांनी अर्धीच भरली. जास्त लागणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी मी गेलो. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. इटा पोत्यात, तोंडं सुतळीनं बांधलेली. साहेब जमिनीवर बसले होते.

"या अप्पा," ते म्हणाले. "आता दाखवायला काही न्हाई. बसता का तरी?"

मी बसलो. आमच्यात कचेरीशिवाय दुसरं बोलणं फारसं झालंच नव्हतं, म्हणून मी तेच काढलं. "जिल्हा होणार न्हाई असं कधी वाटलं तुमाला?"

"पहिल्या दिवशीच. असले नकाशे कपाटात किती पडून असतात, मी पाहिलेत न्हवं."

"मग हे कामून केलं?"

"माणसं येत होती, अप्पा."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. कोणी पळालं. आम्ही दोघं तसेच बसून होतो.

"एक विचारतो," मी म्हणालो. "नोकरीत तुमी कुणाचा हातभर बांध सरकवला न्हाई. मग नागनाथच्या उकिरड्यासमोर कचेरी कशी गेली?"

साहेबांनी आतल्या दाराकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"त्यानं पाणी पिलं," ते म्हणाले. "सगळ्या जल्मात तेवढी एकच मोजणी वाकडी केली. ती बी त्याला भोवली."

त्यात मला टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी माझ्या दुकानापुढच्या बंद रस्त्याबद्दल काही विचारलं नाही. गळ्यातलं लिंग शर्टावरूनच चाचपलं आणि आत बघून म्हणालो, "काकू, जरा पाणी देता का?"

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. काकू दारात आल्या. माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. पदराला हात पुसले.

"माठ सकाळीच पालथा घातला की हो," त्या म्हणाल्या. मग घाईघाईनं कोपऱ्यातली रिकामी बाटली उचलून चपला पायात सरकवू लागल्या. "बसा तुमी अप्पा, उठू नका. तुमच्याच नळाचं आणते आत्ता."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. तेवढा एक शब्द आज म्हणायची सोय नव्हती. गुडघ्यावर हात देत काकू पायरी उतरल्या आणि माझ्या फाटकाकडं निघाल्या.

"येईल ती," साहेब म्हणाले. "तवर बसा."