बापटकाकांचा हॉप्सचा वेल

बापटकाकांनी पहिल्या वर्षी हॉप्सच्या प्रत्येक बोंडाला दोऱ्याने खडा बांधला होता. पडवळ लांब आणि सरळ यावं म्हणून आपल्याकडे बांधतात ना, तसा. हॉप्सचं बोंड जेमतेम अंगठ्याएवढं, हिरव्या कागदाच्या पाकळ्या चिकटवल्यासारखं. त्याचं काम बिअरला कडवटपणा देणं, लांब होणं नव्हे. शेजारचा गोरा कुंपणावरून पाहून गेला आणि बायकोला, कॅमेऱ्याला घेऊन परत आला.

"हसू देत," काका म्हणाले. "ट्रायल घेतल्याशिवाय कसं कळणार?"

अमेरिकेत शॉमबर्गला मी काकांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. हा किस्सा त्यांनी मला पहिल्याच दिवशी फोटोसकट सांगितला. पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर नोकरी करून रिटायर झालेले काका बेसमेंटमध्ये बिअर बनवत, शेजाऱ्यांना वाटत आणि स्वतः थेंबही घेत नसत. "आपल्याला काय, आपण पीत नाही!" हे त्यांचं पालुपद.

मी वर्ध्याची. दारूबंदीची पत्रकं वाटत मोठी झालेली. आठवड्याच्या आत मी त्यांना सुनावलं, "काका, स्वतः न पिता दुसऱ्याला पाजणं हे पिण्याहून वाईट."

"लिहून दे. फ्रिजवर लावतो."

मी दोन पानं लिहून दिली. त्यांनी खरंच लावली आणि वर शेरा मारला, "दुसऱ्या पानावर जरा ढिली पडलीस."

ऑगस्टअखेर बोंडं काकूंच्या जुन्या साडीवर, पापडांसारखी वाळत पडायची. "शेजारी वाळणाऱ्या माझ्या कुरडयांना बिअरचा वास येतोय," काकू करवादायच्या. "यांना सांगून उपयोग नाही."

२००८ साली दुकानांत हॉप्स मिळेनासे झाले. घरी बिअर बनवणारी मंडळी काकांच्या दारात यायला लागली. एरवी पिशव्या भरभरून देणारे काका सगळ्यांना नाही म्हणाले. मी काकूंना कारण विचारलं.

"वेल निखिलने लावलेला," काकू म्हणाल्या. निखिल त्यांचा मुलगा. "कॉलेजात असताना पहिली बिअर केलीन त्याने. यांनी सगळी बादली सिंकमध्ये ओतली. 'माझ्या घरात दारू?' म्हणून. तो गेला ऑरेगनला. मला फोन करतो, यांच्याशी बोलत नाही. यांनी वेलही उपटला होता. वसंतात मुळापासून परत फुटला. तेव्हा गुपचूप काठी रोवून दिली यांनी. आता नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येतोय तो. आठ वर्षांनी. त्याच्यासाठी बिअर करायचीय यांना, म्हणून बोंडं राखून ठेवलीत."

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी काकांनी मला बेसमेंटमध्ये बोलावलं. टेबलावर एक बाटली आणि स्टीलची वाटी.

"घोटभर बघ."

"काका! मी?"

"अगं, हे शेजारी सगळ्यालाच ग्रेट म्हणतात. मी खडे बांधले तेव्हाही ग्रेटच म्हणाले. आणि मला चव कळत नाही. तू तोंडावर खरं बोलतेस."

फ्रिजवरची माझी दोन पानं डोळ्यांसमोर आली. पण काकांनी वाटी दोन्ही हातांनी पुढे केली होती.

मी घोट घेतला. कारल्याचा रस बरा.

"कडू आहे, काका. भयंकर कडू."

वरती गाडीचं दार वाजलं. काकूंची पावलं दाराकडे धावली. काका जागचे हलले नाहीत.

"ओतून देण्याइतकी?" त्यांनी विचारलं.

मी आणखी एक घोट घेतला.

"नाही काका. ओतू नका."